ब्रेंट बरोची निवडणूक, ७ मे २०२६ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी मार्च उजाडला की माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. कुणी मंडळात चहाच्या रांगेत विचारतं, कुणी ईलिंग रोडवर भाजी घेताना, कुणी रात्री साडेदहाला फोन करून "एक मिनिट आहे का?" म्हणतं. ते एक मिनिट कधीच एक मिनिट नसतं. म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. उदाहरणं ब्रेंटची आहेत, पण नियम लंडनच्या बत्तीसही बरोंना, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेल्या विभागांना, लागू आहेत. त्यामुळे हॅरो, हाउन्स्लो किंवा बार्नेटवाल्यांनीही वाचायला हरकत नाही. कुणाला मत द्यायचं हे इथे सापडणार नाही.

१. ही निवडणूक नक्की कसली? लंडनच्या महापौराची का?

नाही. लंडनचा महापौर आणि लंडन असेंब्ली यांची निवडणूक मे २०२४ मध्ये झाली, ती आता २०२८ ला. ही आहे बरो कौन्सिलची, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकांची. लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये गुरुवार, ७ मे २०२६ रोजी एकदमच मतदान आहे. मागची ५ मे २०२२ ला झाली होती. ब्रेंटमध्ये २२ वॉर्ड आणि ५७ कौन्सिलर आहेत. काही वॉर्डांतून तीन जण निवडून जातात, काहींतून दोन. तुमच्या वॉर्डात किती, हे फार महत्त्वाचं आहे. का ते प्रश्न १३ मध्ये.

क्रॉयडन, हॅकनी, लुइशम, न्यूहॅम आणि टॉवर हॅम्लेट्स या पाच बरोंत लोक थेट आपला महापौरही निवडतात, तिथे त्याच दिवशी वेगळी मतपत्रिका मिळेल. ब्रेंटमध्ये तसं नाही. आपल्याकडे गळ्यात साखळी घालून कार्यक्रमांना येणारे मेयर असतात, त्यांना कौन्सिलर दरवर्षी निवडतात आणि त्यांचं पद शोभेचं असतं. कारभार चालतो कौन्सिलच्या लीडरच्या हातून. मुंबईत महापौराला मान आणि आयुक्तांना अधिकार, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे अधिकार सरकारने नेमलेल्या सनदी अधिकाऱ्याकडे नसतात, निवडून आलेल्या लीडरकडे असतात. म्हणून या मताला वजन जास्त.

२. कौन्सिल करतं तरी काय? कचरा उचलण्यापलीकडे?

कचरा आहेच. कागद-पुठ्ठ्याची ती निळी पिशवी कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायची, यावरून घरोघरी जे वाद होतात त्याचं मूळ कौन्सिलच्या निर्णयातच आहे. पण मोठा पैसा जातो तो वृद्ध, अपंग आणि मुलांच्या देखभालीवर. त्याखेरीज शाळाप्रवेश, कौन्सिलची घरं, बेघरांची सोय, ग्रंथालयं, बागा, गल्लीतले रस्ते, पार्किंगचे परवाने, हॉटेलांचे परवाने आणि बांधकामाची परवानगी, हे सगळं तिथलंच. वेंब्लीत पानाच्या लाल पिचकाऱ्या धुवायला कौन्सिल वर्षाला ३०,००० पौंडांहून जास्त खर्च करतं आणि थुंकताना सापडल्यास १०० पौंडांपर्यंत दंड लावतं. हा पैसा आपलाच. पिचकाऱ्या कुणाच्या, यावर मी बोलत नाही.

मुंबई महापालिकेशी तुलना करायचा मोह होतो, पण ती जपून करा. केईएम, सायन किंवा नायरसारखं रुग्णालय बरो कौन्सिल चालवत नाही, ते एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं काम. पाणीपुरवठा कौन्सिलकडे नाही. बस, ट्यूब आणि मोठे रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे. तेव्हा नीसडनजवळ नॉर्थ सर्क्युलरवर गाडी खड्ड्यात आपटली तर तुमच्या कौन्सिलरला शिव्या देऊन उपयोग नाही. घरामागच्या गल्लीत आपटली तर जरूर द्या.

बांधकाम परवानगी हा विषय नुसता कागदी वाटतो, म्हणून आपल्या जिव्हाळ्याचं एक उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड शेजारच्या कॅम्डेन बरोत येतं. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी लागते, आणि ती कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली. काही शेजाऱ्यांचा वर्दळीला आक्षेप होता. मग अपील, जाहीर चौकशी, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या केंद्रीय मंत्र्यांकडून मंजुरी. एका राज्याच्या सरकारनेही विकत घेतलेल्या घराचं काय करायचं, हे आधी बरो कौन्सिलच्या टेबलावरून जावं लागलं. तुमच्या लॉफ्टचं तर विचारूच नका.

३. माझा पासपोर्ट भारतीय आहे, अजून ब्रिटिश झालो नाही. मला कसं काय मत असेल?

आहे. पूर्ण मत आहे. हा प्रश्न इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येतो, आणि दहा-दहा वर्षं इथे राहून, भरभरून कौन्सिल टॅक्स देऊन एकदाही मत न दिलेली माणसं भेटली की मला हळहळ वाटते.

भारत राष्ट्रकुलात आहे, आणि या देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना इथल्या निवडणुकांत मत देता येतं. फक्त कौन्सिलच्या नाही, संसदेच्याही. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात भारतीय पासपोर्टवाल्यांना मत होतं आणि इथे वीस वर्षं राहिलेल्या फ्रेंच माणसाला नव्हतं. हे साम्राज्याच्या काळापासून चालत आलेलं शेपूट आहे. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. अटी तीन: ७ मे रोजी वय १८ पूर्ण, राहण्याचा वैध परवाना, आणि मतदारयादीत नाव. तिसऱ्या अटीतच बहुतेकांची गाडी अडते (प्रश्न ९ आणि १०).

४. मी स्टुडंट व्हिसावर आहे. बायको डिपेंडंट आहे. आयएलआर (कायम राहण्याचा परवाना) लागत नाही?

मत द्यायला लागत नाही. स्टुडंट, ग्रॅज्युएट, स्किल्ड वर्कर, डिपेंडंट, सगळे चालतात. आयएलआरची अट उमेदवार म्हणून उभं राहण्यासाठी आहे, तो वेगळा विषय (प्रश्न २१).

व्हिसाची तारीख उलटली, पण मुदतीच्या आत एक्स्टेंशनचा अर्ज केला आहे आणि निकाल यायचा आहे, अशांचे फोन हमखास येतात. निर्णय होईपर्यंत तुमचा आधीचा परवाना कायद्याने चालू राहतो, त्यामुळे मतही चालू राहतं. अर्जच उशिरा केला असेल तर मात्र ही सवलत नाही.

५. आम्ही गोव्याचे, पासपोर्ट पोर्तुगीज. ब्रेक्झिटनंतर आमचं मत गेलं म्हणतात?

कौन्सिलचं मत गेलेलं नाही. युरोपीय नागरिकांचे नियम मे २०२४ पासून बदलले हे खरं. पण पोर्तुगाल, स्पेन, पोलंड, लक्झेंबर्ग आणि डेन्मार्क या पाच देशांशी ब्रिटनचा परस्पर करार आहे, त्यामुळे त्यांच्या नागरिकांना इथे राहण्याचा परवाना असेल तर स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, मग ते कधी का आलेले असेनात. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून युरोपीय संघातल्या इतर देशांच्या लोकांना मात्र ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून सलग वैध वास्तव्य दाखवावं लागतं.

संसदेच्या निवडणुकीत पोर्तुगीज पासपोर्टवर मत नाही. त्यामुळे वेंब्लीतल्या एकाच घरात गंमत होते. बायको भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे मत देते, आणि नवरा "युरोपियन" झाल्यामुळे फक्त कौन्सिलला.

६. माझा जन्म पुण्याचा, पण पासपोर्ट अमेरिकन आहे. ओसीआय कार्डही आहे. चालेल?

नाही. अमेरिका राष्ट्रकुलात नाही, आणि ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. तुमच्या नेपाळी शेजाऱ्यालाही मत नाही, पण बांगलादेशी, पाकिस्तानी आणि श्रीलंकन शेजाऱ्यांना आहे. ब्रिटिश पासपोर्ट आणि सोबत ओसीआय असेल तर प्रश्नच नाही, तुम्ही ब्रिटिश नागरिक म्हणून मत देता.

७. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांची नावं घालू का?

पाहुणे म्हणून आले असतील तर नका घालू. मतदार इथला रहिवासी असावा लागतो. ते कायमचे तुमच्याकडे राहायला आले असतील आणि तसा परवाना असेल तर घाला.

८. इथे मत दिलं तर भारतीय नागरिकत्वाला किंवा पुढच्या आयएलआरला धक्का लागेल का?

दोन्हींना नाही. भारतीय नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याने, मत दिल्याने नाही. व्हिसाच्या दृष्टीनेही मतदान म्हणजे सरकारी मदत घेणं नव्हे. अंगाशी येईल ती एकच गोष्ट, अर्जात खोटं राष्ट्रीयत्व लिहिणं, तो गुन्हा आहे. फॉर्मवर "भारतीय" लिहा. ते लिहायला घाबरून "ब्रिटिश" लिहिलेले महाभाग मी पाहिले आहेत, आणि निस्तरताना त्यांना झालेला त्रासही.

९. नाव कुठे आणि कधीपर्यंत नोंदवायचं?

सरकारी संकेतस्थळावर, गव्ह डॉट यूकेवर, पाच मिनिटांचं काम आहे. शेवटची तारीख सोमवार, २० एप्रिल, मध्यरात्रीपर्यंत. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. नवीनच आलात आणि तो मिळाला नसेल तरी अर्ज करता येतो. तसं कारण लिहायचं, मग कौन्सिल ओळखीची कागदपत्रं मागेल. अशांनी शेवटच्या रात्रीची वाट पाहू नये. वय १६ झालं की नाव नोंदवता येतं, पण इंग्लंडमध्ये मत १८ लाच. मतदानाचं वय १६ करण्याची चर्चा आहे, ती या निवडणुकीला लागू नाही.

फॉर्ममध्ये "ओपन रजिस्टर"मधून नाव वगळायचा पर्याय येतो. तो निवडला तर तुमचं नाव जाहिरातवाल्यांना विकलं जात नाही. मताच्या हक्कावर काही परिणाम नाही.

आणि एक फायदा, जो ऐकल्यावर लोक खुर्चीतून उठतात. बँका आणि मॉर्गेजवाले क्रेडिट तपासताना मतदारयादीत नाव आहे का ते पाहतात. लोकशाहीसाठी नाही तर नाही, घरासाठी तरी नोंदवा.

१०. मी कौन्सिल टॅक्स भरतो, मग नाव आपोआप असेलच ना?

नसेल. टॅक्सची यादी वेगळी, मतदारांची वेगळी. इंग्लंडमध्ये आपोआप काही होत नाही, आणि घर बदललं की नवीन पत्त्यावर परत नोंदणी करावी लागते, अगदी त्याच गल्लीत दोन दारं सोडून गेलात तरी. भाड्याच्या घरांतून फिरणाऱ्या आपल्या मुलांची नावं नेमकी इथेच गळतात. आपण यादीत आहोत का, ही शंका असेल तर कौन्सिलच्या निवडणूक विभागाला फोन करून विचारा, ते सांगतात.

११. मतदानाला आधार कार्ड चालेल का? मोबाइलमधला फोटो?

आधार नाही, भारताचं मतदार ओळखपत्र नाही, पॅन नाही, भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स नाही, ओसीआय कार्ड नाही. फोनवरचा फोटो किंवा झेरॉक्सही नाही. मे २०२३ पासून मतदानकेंद्रावर फोटो असलेलं मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्याची यादी ठरलेली आहे.

पण आपल्यासाठी बरी बातमी अशी की राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट त्या यादीत आहे. तो निळा भारतीय पासपोर्ट खिशात घाला आणि निर्धास्त जा. मुदत संपली असली तरी चालतो, फोटो तुमच्यासारखा दिसला म्हणजे झालं. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, प्रोव्हिजनलसुद्धा, चालतं. ज्येष्ठांचा फ्रीडम पास आणि ६०+ ऑयस्टर फोटोकार्ड चालतं, विद्यार्थ्यांचं ऑयस्टर फोटोकार्ड चालत नाही. या भेदभावाचं समाधानकारक कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची बायोमेट्रिक कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, पण जपून ठेवलं असेल तर तेही दाखवता येतं. ई-व्हिसा मात्र नाही, कारण हातात धरून दाखवावं असं त्यात काहीच नसतं.

पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असेल, किंवा नुकतेच ब्रिटिश झालात आणि नवा पासपोर्ट अजून आलेला नसेल, तर कौन्सिलकडून मोफत व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट मिळतं. अर्जाची मुदत मंगळवार, २८ एप्रिल, संध्याकाळी ५. घरून पोस्टाने मत देणाऱ्यांना हे ओळखपत्र लागत नाही.

१२. यादीत माहेरचं आडनाव आहे, पासपोर्टवर सासरचं. परत पाठवतील का?

आडनावच वेगळं असेल तर अडचण येऊ शकते. लग्नाचा दाखला सोबत न्या, आणि तो इंग्रजी मजकूर असलेला न्या. नोंदणी कार्यालयाचा नुसता मराठी दाखला वेंब्लीच्या केंद्राधिकाऱ्याने वाचावा ही अपेक्षा जास्त आहे. वेळ असेल तर आधीच यादीतलं नाव बदलून घ्या.

छोट्या फरकांना घाबरू नका. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं आहे आणि यादीत नाही, एवढ्यावरून कुणी परत पाठवत नाही. अवघड जातं ते ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे आणि सगळं नाव एकाच ओळीत कोंबलेलं आहे त्यांना. अशांनी नाव नोंदवतानाच पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं लिहावं.

१३. मतपत्रिकेवर एकच फुली मारायची की तीन? पुण्यात तर चार बटणं दाबावी लागतात.

पुण्याची सवय इथे घात करते, मुंबईची त्याहून जास्त.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, म्हणून एक मत. पुण्यात बहुतेक प्रभाग चार जणांचे, पण त्या चार जागा अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या असतात, कुठली महिलांसाठी, कुठली ओबीसींसाठी राखीव, आणि प्रत्येक जागेची वेगळी लढत. लंडनमध्ये यातलं काही नाही. आरक्षण नाही, अ-ब-क-ड नाही. एकच लांबलचक कागद. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने एकाखाली एक. तीन जागांचा वॉर्ड असेल तर कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त तीन उमेदवारांना मत द्या. ज्यांना सर्वाधिक मतं मिळतात ते पहिले तिघे निवडून येतात.

तुम्ही एक, दोन किंवा तीन फुल्या मारू शकता. एकाच पक्षाच्या तिघांना द्या, तीन पक्षांत वाटा, किंवा एकच फुली मारून घरी जा, सगळं वैध. चौथी फुली मारली की तुमचा अख्खा कागद बाद, आधीच्या तिन्हींसकट. दोन जागांच्या वॉर्डात हीच गोष्ट तिसऱ्या फुलीची. दरवेळी कुणीतरी मला अभिमानाने सांगतं, "मी एकच मत दिलं, तीन कशी देणार, एका माणसाला एकच मत ना!" चूक नाही, पण दोन मतं खिशात ठेवून आलात.

अक्षरक्रमाचाही खेळ असतो. एकाच पक्षाच्या तिघांत ज्याचं आडनाव वरच्या अक्षरांत, त्याला बरेचदा थोडी जास्त मतं पडतात, कारण लोक वरून खाली येता येता दमतात. आपटे आणि वैद्य एकाच पक्षातून उभे राहिले तर वैद्यांनी दारोदार जरा जास्त फिरावं.

फुली पेन्सिलने मारायची. पेन्सिल तिथे दोरीला बांधलेली असते, स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. चुकलं तर खोडाखोड करू नका. पेटीत टाकण्याआधी कागद परत द्या, नवीन मिळतो. सही करू नका, नाव लिहू नका, कारण मतदाराची ओळख पटेल असं काही असलं तर मत बाद होतं. आणि सवयीने वर "श्री" काढू नका. पाप नाही, पण मोजणाऱ्याला उगाच कोडं.

१४. मे महिन्यात लग्नसराईला पुण्यात असेन. तिथे पोस्टाने मतपत्रिका मागवू का?

मागवता येते, पण मी सांगेन नका मागवू. मतपत्रिका छापून होतात त्या उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर. तेवढ्या दिवसांत ती पुण्याला पोचून, भरून, ७ मेच्या रात्री १० पर्यंत ब्रेंटला परत येणं म्हणजे नशिबाचा भाग.

त्यापेक्षा प्रॉक्सी द्या, म्हणजे तुमच्या वतीने दुसरं कुणी जाऊन मत देईल. अर्जाची मुदत २८ एप्रिल, संध्याकाळी ५. ज्याला नेमाल त्याला स्वतःलाही या निवडणुकीत मताचा हक्क असायला हवा, त्याने तुमच्या मतदानकेंद्रावर जायचं आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवायचं, तुमचं नाही. एका माणसाला इथे राहणाऱ्या फार तर दोघांसाठीच प्रॉक्सी होता येतं. तेव्हा अख्ख्या सोसायटीने एकाच काकांच्या गळ्यात पडू नये. ऐनवेळी आजारपण आलं किंवा ओळखपत्र हरवलं, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत आणीबाणीची प्रॉक्सी मागता येते.

१५. माझं पोस्टल मत कायमचंच आहे. या वेळी पाकीट आलं नाही तर?

ते कायमचं राहिलेलं नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या आधी घेतलेल्या जुन्या पोस्टल मतांची मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत संपली. नव्याने अर्ज केला नसेल तर पाकीट येणारच नाही, आणि तुम्ही ८ मेला मला फोन कराल. अर्ज करा, मुदत मंगळवार, २१ एप्रिल, संध्याकाळी ५. नवी मंजुरीही जास्तीत जास्त तीन वर्षांची असते.

अर्ज मंजूर आहे, तरी पाकीट आलं नाही, तर कौन्सिलकडून दुसरं मागून घ्या. पाकीट आलं पण पोस्टात टाकायला उशीर झाला, तर मतदानकेंद्रावर नेऊन द्या आणि तिथला छोटा फॉर्म भरा. स्वतःचं आणि आणखी पाच जणांची पाकिटं देता येतात. कौन्सिलच्या कचेरीच्या टपालपेटीत टाकून येऊ नका, तसं दिलेलं मत मोजत नाहीत. दारावर आलेल्या प्रचारकाच्या हातीही देऊ नका. त्याला ते घेण्याची कायद्यानेच मनाई आहे.

१६. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्याबरोबर आत उभी राहू का?

नाही. दुसऱ्याच्या मतावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने त्याच्याबरोबर मतदानाच्या कप्प्यात जाणं, किंवा जवळ उभं राहणं, हा २०२३ पासून इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. नवऱ्याने बायकोच्या खांद्यावरून डोकावून "ते नाही, खालचं" म्हणायचे दिवस संपले.

मदत मात्र मिळते. केंद्राधिकाऱ्याला सांगायचं, तो स्वतः मत नोंदवून देतो. दिसत नसेल, अपंगत्व असेल किंवा वाचता येत नसेल तर घोषणापत्र भरून सोबतीला माणूसही घेता येतो. त्याचं वय १८ पूर्ण हवं. म्हणजे तुम्ही आत जाऊ शकता, पण आधी टेबलावर विचारून, सही करून. मागच्या वेळी माझ्या शेजारच्या आजींनी अधिकाऱ्याची मदत नाकारली. घरी निरोपाच्या चिठ्ठ्यांच्या वहीत त्यांनी तीन आडनावं इंग्रजीत पंधरा वेळा गिरवली होती. त्या अक्षरांशी अक्षरं जुळवत त्या आत सात-आठ मिनिटं राहिल्या, आणि बाहेर आल्यावर वही पिशवीत टाकत एवढंच म्हणाल्या, "पेन्सिल बोथट होती."

लहान मुलांना सोबत न्यायला हरकत नाही. फुली त्यांना मारू देऊ नका.

१७. केंद्राबाहेर रोझेट (पक्षाच्या रंगाचा रिबनचा बिल्ला) लावलेला माणूस माझा मतदारयादीतला नंबर विचारतो. द्यायचा का?

तुमची मर्जी. ते पक्षांचे कार्यकर्ते असतात, सरकारी नाहीत. आपले कोण येऊन गेले आणि कुणाला अजून घरी जाऊन उठवायचंय, याचा हिशेब ते ठेवतात. कुणाला मत दिलं हे विचारायचा अधिकार त्यांना नाही. "नो, थँक्स" म्हणून पुढे व्हा.

१८. सुट्टी असते का? बोटाला शाई? नोटा?

तिन्हींचं उत्तर नाही. गुरुवार हा कामाचाच दिवस, म्हणून वेळ सकाळी ७ ते रात्री १०. दहा वाजता रांगेत असाल तर मत देऊ देतात. शाई नसल्याने बोट दाखवून सेल्फी काढता येत नाही, आणि केंद्राच्या आत फोटो काढूच नका. नोटा नाही. कोरा कागद टाकला तर तो बाद मतांत धरतात.

१९. मतपत्रिकेच्या मागे नंबर असतो. म्हणजे माझं मत कळतं?

नंबर असतो, आणि कुणाला कुठल्या नंबरची पत्रिका दिली याची यादीही असते. पण मोजणीनंतर दोन्ही वेगवेगळं सील करतात आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडत नाहीत. तोतया मतदानाचा खटला उभा राहिला तर छडा लागावा म्हणून ही सोय आहे.

२०. शिकायला मँचेस्टरला, घर ब्रेंटला. मत कुठे?

दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवता येतं, आणि दोन कौन्सिलं वेगळी असतील तर कौन्सिलच्या निवडणुकीत दोन्हीकडे मतही देता येतं. हे ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही, पण नियम तसाच आहे. एकाच कौन्सिलच्या दोन वॉर्डांत दोनदा देणं मात्र गुन्हा. संसदेच्या निवडणुकीत कुठेही एकदाच.

२१. मला उभं राहायचं असेल तर?

भारतीय पासपोर्टवरही राहता येतं, पण आयएलआर हवा. वय १८ पूर्ण हवं आणि बरोशी नातं हवं: तिथल्या मतदारयादीत नाव, किंवा गेले बारा महिने तिथे राहणं अथवा मुख्य नोकरी. त्याच कौन्सिलचे नोकर असाल तर चालत नाही. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, एक सूचक, एक अनुमोदक. अनामत रक्कम नाही. अर्ज गुरुवार, ९ एप्रिल, दुपारी ४ पर्यंत, प्रत्यक्ष नेऊन द्यायचे. अपक्ष राहिलात तर तीन वॉर्डमित्र आणि पुष्कळ चालायचे बूट लागतील. पक्षाकडून जायचं असेल तर आता उशीर झाला आहे, ती तिकिटं केव्हाच वाटून झाली.

२२. दोघांना सारखी मतं पडली तर?

फेरमोजणी होते. तरी बरोबरीच राहिली तर निवडणूक अधिकारी चिठ्ठी काढतो. २०१७ मध्ये मुंबईत गिरगावकडच्या २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल असाच ईश्वरचिठ्ठीने लागला होता. तिथे ईश्वराचं नाव घेतात, इथे "ड्रॉइंग लॉट्स" म्हणतात. डबा तोच.